मागच्या अंगणातली छऱ्याची बंदूक : दहा महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. मला कोणाशी भांडायचं नाही आणि खरं सांगायचं तर या किमतीच्या देशी बंदुका एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत, एकीबद्दल लिहिलं ते दुसरीला ऐंशी टक्के लागू पडतं. बॅरल मोडून, म्हणजे नळी मधून खाली वाकवून भरायची, आत स्प्रिंग, ०.१७७ इंच बोअर (नळीचा आतला व्यास), लाकडी बट, नेम धरायला उघडी साईट, सोबत दुर्बिणीसारखा एक स्कोप "फ्री". बिल झालं साडेनऊ हजार. शोरूमची नाही, शहरातल्या एका जुन्या दुकानातून घेतली, जिथे काउंटरवरचे काका गिऱ्हाईकाला वर-खाली बघून मगच बोलायला सुरुवात करतात.

खूळ कुठून आलं तर दोन ठिकाणाहून. एक आमच्या नाशिकच्या कालिकेच्या यात्रेतला फुगे फोडायचा स्टॉल. नवरात्रात तिथे उभं राहून ज्याने पैसे घालवलेत त्याला माहितीये की ती बंदूक सरळ मारतच नाही, डावीकडच्या निळ्या फुग्यावर नेम धरला की मधला लाल फुटतो, आणि स्टॉलवाला म्हणतो "साहेब, एकच राहिला, अजून पाच घ्या". दुसरं म्हणजे १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ घेतलं. त्याचा प्रकार वेगळा, ५० मीटर आणि खरी .२२ काडतुसाची रायफल, आपला त्याच्याशी काही संबंध नाही, पण घरात सगळे टीव्हीसमोर बसलेले आणि सातवीतलं पोरगं म्हणालं पप्पा आपल्या मागच्या अंगणात होईल की हे. झालं.

घर मखमलाबादला. आजोबांचा मळा होता, त्यातला बराचसा प्लॉट पाडून गेला, घर आणि मागची पट्टी राहिली. टेप लावून मोजलं तर ओट्यापासून कंपाउंडपर्यंत साडेअकरा मीटर. म्हणजे १० मीटर एअर रायफलचं ऑलिम्पिकचं अंतर आरामात बसतं, हे कळल्यावर मग मला कोणी थांबवू शकलं नाही, बायकोनेही नाही.

कागदपत्रांचं आधी सांगतो कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असेल तर लायसन्स लागत नाही. ०.२२ घेतलीत किंवा २० ज्यूलच्या वर गेलात की लायसन्सच्या भानगडीत पडलात. काकांनी आधार आणि पॅन दोन्हींची झेरॉक्स घेतली, रजिस्टरमध्ये सही घेतली, पक्कं बिल दिलं. ते बिल मी बंदुकीच्या कव्हरच्या खिशातच ठेवतो, आणि नेताना-आणताना कव्हरमध्येच, कारण लांबून बघणाऱ्याला काय कळतंय ही छऱ्याची आहे का कसली. लायसन्स नाही म्हणजे रस्त्यावर खांद्याला अडकवून फिरायची परवानगी मिळाली असं नाही भो.

आता डब्यावरचा आकडा. मोठ्या अक्षरात १००० एफपीएस, म्हणजे सेकंदाला हजार फूट. मीसुद्धा तोच वाचून घेतली, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर गणित मांडलं. साधा शिशाचा छर्रा ८ ग्रेनच्या आसपास असतो, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तो खरंच हजार फुटांनी गेला तर ताकद होते २४ ज्यूल, म्हणजे ही बंदूक बिनलायसन्सची राहिलीच नसती! तर तो आकडा एकतर अगदी हलक्या छऱ्याचा असतो नाहीतर हवेतला. सातपूरच्या एका कंपनीत काम करणाऱ्या मित्राकडे वेग मोजायचं यंत्र आहे, त्यावर माझीने ८ ग्रेनला सातशेच्या आगेमागे दाखवलं. म्हणजे जवळपास १२ ज्यूल. मला आधी वाईट वाटलं, फसलो असं वाटलं, दोन दिवस तोंड पाडून बसलो.

मग तोच मित्र म्हणाला की अरे ऑलिम्पिकवाले १० मीटरला ज्या एअर रायफलीने खेळतात तिचा वेग तुझ्यापेक्षा कमी असतो, पावणेसहाशेच्या आसपास. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये शेवटच्या गोळीला १०.८ गुण मारून गोल्ड घेतलं ते असल्याच वेगाच्या बंदुकीने. कागदाला भोक पाडायला वेग लागत नाही, प्रत्येक वेळी तोच वेग लागतो. हे वाक्य मी दुकानात उभा असताना कोणी सांगितलं असतं तर मी डबा बघितलाच नसता, ट्रिगर बघितला असता.

ट्रिगर वाईट आहे. सरळ सांगतो. ओढत राहा, ओढत राहा, आता सुटेल मग सुटेल, बोट थरथरायला लागतं आणि मग अचानक सुटतो. खाली एक छोटा स्क्रू आहे, तो फिरवून थोडा हलका झाला, पण फार हलका करायच्या नादाला लागू नका, भरलेली बंदूक नुसती ठेवली आणि धक्क्याने सुटली असं व्हायला नको.

पहिल्या दिवशी अजून एक गंमत. पहिल्या पाच-सहा छऱ्यांना नळीतून धूर आणि आवाज एवढा मोठा की शेजारचे अण्णा गच्चीवर आले. मी घाबरलो, बंदूक फुटली की काय. तर ते आतलं फॅक्टरीचं तेल असतं, स्प्रिंग सुटली की हवा इतकी दाबली जाते की ते तेलच पेटतं, डिझेल इंजिनसारखं. म्हणून त्याला डिझेलिंगच म्हणतात. पन्नासेक छऱ्यांनंतर थांबलं. नंतर उत्साहाने शिलाई मशीनचं तेल नळीत सोडू नका, पुन्हा तेच चालू होईल आणि आतला सील जाईल. आणि छर्रा न भरता नुसती खट्ट करून दाखवायची सवय पाहुण्यांना असते, ती मोडा. पुढे छर्रा नसला की पिस्टनला (स्प्रिंगने हवा ढकलणाऱ्या दट्ट्याला) हवेची गादी मिळत नाही, जाऊन लोखंडावर आदळतो, स्प्रिंगची वाट लागते. आमच्या एका मेव्हण्याने तीन वेळा केलं, चौथ्यांदा मी हातातून काढून घेतली.

बॅरल उघडी असताना एक हात बॅरलवर घट्ट ठेवायचाच. उघडी असताना ट्रिगर दाबला गेला तर नळी फटकन वर येते आणि छर्रा बसवणारं बोट मध्ये असतं. पोराला मी बंदूक देतो ती फक्त मी शेजारी असताना, आणि भरतो मीच.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो. नेम. पहिले तीन आठवडे माझे पाच छर्रे एका कागदावर असे पसरायचे जसे अंगणात ज्वारी फेकलीये. दहा मीटरवरून! कागदाच्या टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, दहा रुपयाचं नाणं २७ मिमी, म्हणजे त्या नाण्यापेक्षा थोडासाच मोठा, आणि मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. अर्धा! पेनाच्या टोकाएवढा. मी ठिपका सोडा, काळ्या गोलात पाचातले दोन घालत होतो. मग काय, अजून घट्ट धरली, खांद्यात रुतवली, गाल दाबला, श्वास कोंडला. अजून वाईट.

स्प्रिंगच्या बंदुकीचं असं आहे की छर्रा अजून नळीतच असतो आणि तेवढ्यात आतला जड पिस्टन पुढे जाऊन थांबलेला असतो, म्हणजे बंदूक आधी मागे सरकते मग पुढे झटका खाते, आणि हे सगळं छर्रा बाहेर पडायच्या आत. तुम्ही घट्ट धरली की दर वेळी वेगळ्या जोराने अडवता, म्हणून दर वेळी वेगळीकडे जातो. उपाय काय तर धरायचीच नाही. पुढचं लाकूड उघड्या तळहातावर नुसतं टेकवायचं, बोटं मिटायची नाहीत, खांद्याला हलकी लावायची आणि तिला उडायचंय तशी उडू द्यायची. याला नाव काय माहितीये? आर्टिलरी होल्ड. तोफ जशी दर वेळी आपल्या गाड्यावर मोकळी मागे येते तशी. मी हसतच सुटलो. देवळालीला तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, लहानपणी नाशिकरोडला मामाकडे असताना फायरिंग सुरू झालं की मामी म्हणायची "चालू झालं बाई यांचं", आणि मला हे कळायला वयाची चाळीशी आणि साडेनऊ हजार रुपये लागले.

ज्या संध्याकाळी पहिल्यांदा ढिली धरली त्या संध्याकाळी पाच छर्रे दहाच्या नाण्याखाली झाकले गेले. कागद फ्रिजवर अजून लावलेला आहे, बायको दर रविवारी काढायला सांगते.

छऱ्यांवर कंजुषी करू नका. दुकानातून सोबत घेतलेले स्वस्तातले देशी छर्रे टेबलावर ओतून बघितले तर काहींच्या घाघऱ्या (मागचा पसरट भाग) चेपलेल्या, काही नळीत घट्ट बसतात काही आपोआप आत पडतात. पुढून चपट्या तोंडाचे घ्या, कागदाला पंचने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि मार्क मोजायला भांडण होत नाही. गोल डोक्याचे लांबच्या मारासाठी बरे, अंगणात त्यांची गरज नाही. टोकदार तर नुसतेच दिसायला भारी. मी शेवटी बाहेरच्या देशातला एक चांगला डबा मागवला, पाचशे छऱ्यांचा, महाग पडला, आणि तीच बंदूक, तोच मी, एकदम निम्म्यावर आलं पसरणं. सरावाला स्वस्त, स्पर्धेला महाग, अशी आमच्या घरची पद्धत. स्पर्धा म्हणजे रविवारी संध्याकाळी, हरणारा भेळ आणतो.

"फ्री" स्कोपबद्दल काय लिहू. तीन आठवड्यांत आतली फुलीची तार तुटली. चूक त्याची नाही, स्प्रिंगची बंदूक पुढे-मागे दोन्हीकडे झटके देते, साधा स्कोप एकाच दिशेचा धक्का सहन करायला बनवलेला असतो. काकांना दाखवायला नेला तर म्हणाले फ्री वस्तूला गॅरंटी नसते. बरोबरच आहे म्हणा. काढून टाकला, उघड्या साईटवर शिकलो, आणि आता वाटतं तेच बरं झालं. पुढची माशी आणि मागची खाच जुळवताना डोळ्याला जी शिस्त लागते ती स्कोपमध्ये लागत नाही. स्कोप घ्यायचाच असेल तर स्प्रिंगच्या बंदुकीला चालतो का हे विचारून घ्या आणि मागे स्टॉप लावा, नाहीतर इंचाइंचाने मागे सरकत डोळ्यात येतो.

आता टार्गेटमागची, छर्रे अडवायची पेटी. इथे मी गाढवपणा केला तो वाचा म्हणजे तुम्ही करणार नाही. आमचं कंपाउंड काळ्या दगडाचं. मी भिंतीला टीव्हीचं रिकामं खोकं टेकवलं, त्यावर कागद चिकटवला आणि सुरू झालो. चौथा की पाचवा छर्रा खोकं फोडून दगडावर आपटला आणि उलटा येऊन ओट्यावरच्या तुळशीच्या कुंडीला लागला, माझ्यापासून दोन हात. कपची उडाली. आईने बघितलं. त्यानंतर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोळ्यावर चष्मा नव्हता माझ्या, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. दगड, विटांची उघडी भिंत, लोखंडाचा सपाट पत्रा, यातल्या कशावरही सरळ मारायचं नाही, आणि साधा प्लॅस्टिकचा सेफ्टी गॉगल सगळ्यांच्या डोळ्यावर, बघणाऱ्यांच्यासुद्धा. शंभर-दीडशे रुपयांची गोष्ट.

मग सुताराकडून दोन फूट बाय दोन फूट, नऊ इंच खोल पेटी करून घेतली, १८ मिमी प्लायची, मागच्या बाजूला आतून ३ मिमीची पत्र्याची प्लेट. आत जुने कपडे, चिंध्या, गोधडीचे तुकडे दाबून दाबून भरले, अगदी मुठीने ठासून, आणि पुढे पुठ्ठा. छर्रा पुढच्या तीन-चार इंचातच अडकतो, प्लेटपर्यंत जातच नाही, आवाजही येत नाही, नुसतं "थप्". आईच्या तीन जुन्या नऊवारी त्यात गेल्या, त्याबद्दल ती नातवावर खूश आणि माझ्यावर नाराज, हे गणित मला सुटलेलं नाही.

पण नुसत्या पेटीने काम भागत नाही कारण नेम पेटीच्या बाहेरही जातो, विशेषतः पाहुण्यांचा. कंपाउंडपलीकडे अण्णांची द्राक्षबाग, तिथे छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला), फवारणीला माणसं असतात. छऱ्याची बंदूक म्हणून हसण्यावारी नेऊ नका, वर करून मारला तर छर्रा तीनशे मीटरच्याही पुढे जाऊ शकतो आणि जवळून तर डोळा जाईल, जीवही गेलेत. म्हणून पेटी जमिनीवर ठेवली आणि आम्ही ओट्यावर उभे राहतो, म्हणजे नळी नेहमी खालच्या दिशेने. पेटीच्या मागे अर्धा ब्रास मुरूम टाकून घेतला, कंपाउंडला लागून ढीग. चुकलेला छर्रा मातीत जातो. मारायच्या आधी अण्णांना हाक, "अण्णा, कोणी आहे का या बाजूला?" आणि उत्तर आल्याशिवाय बॅरल मोडायची नाही. पेटी, प्लेट, मुरूम, मजुरी मिळून साडेचार हजार गेले. बंदुकीच्या निम्मे! हिशेबात हे आधी धरा, नंतर नाही. मागे असं काही करता येत नसेल, फ्लॅट असेल, शेजारची गॅलरी समोर असेल, तर घेऊच नका, एखाद्या रेंजवर जा.

अण्णांचं एक राहिलं. मणी पिकायला लागले की बुलबुल आणि साळुंक्या घडावर येतात, तर त्यांनी एकदा प्रेमाने सांगितलं, "एवढी बंदूक आहे तर चार पाडून दाखव की, बाकीचे येणार नाहीत." मी म्हटलं अण्णा, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, बुलबुल मारला तरी गुन्हा. "मग काय कामाची ती?" त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. त्यांचे वडील गोफणीने राखण करायचे, आता बागेवर जाळी टाकलीये. मी त्यांना एकदा ओट्यावर बोलावून मारी बिस्किट लावून दिलं, दोरीला बांधून पेटीपुढे. तिसऱ्या छऱ्याला फुटलं. त्यानंतर पक्ष्यांचं नाव काढलं नाही, पण बिस्किटं लावलीत का म्हणून विचारायला येतात. टार्गेटचं म्हणाल तर बत्तासे, खडूचे तुकडे, मारी बिस्किट हे बेस्ट, फुटल्याचं समाधान मिळतं आणि पावसात विरून जातं. काचेच्या बाटल्या नको, नंतर अनवाणी कोणीतरी जातंच.

पावसाळ्यात तिने मला रडवलं. जूनमध्ये फोमच्या बॅगेत घालून कपाटात ठेवली, जुलैत काढली तर बॅरलवर माझ्या बोटांचे तांबूस ठसे. घामाचे. पोलीस तपासात निघतात तसे पाच ठसे स्पष्ट. बारीक स्टीलवूल आणि तेलाने बरेचसे गेले, दोन राहिलेत. आता वापरून झाली की बाहेरून तेलाचा हात फिरवायचा आणि बॅगेत नाही, कपाटात उभी, कुलूप लावून.

मध्ये एकदा अचानक नेम बिघडला. दोन आठवडे मी स्वतःला दोष देत होतो, चष्म्याचा नंबरही तपासून आलो. निघालं काय तर बटचे पुढचे दोन स्क्रू ढिले, झटक्यांनी आपोआप सुटत गेलेले. ते काढून निळं लॉकटाईट (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) लावून बसवले, पुन्हा जागेवर. दर पाचशे छऱ्यांनी स्क्रूला हात लावून बघा, डॉक्टरकडे जायच्या आधी.

परवा पेटी रिकामी केली. डब्यांवरून हिशेब केला तर साडेचार हजारांच्या आसपास छर्रे मारून झालेत, म्हणजे सव्वादोन-अडीच किलो शिसं चिंध्यांमधून निघालं, बरणीभर. मी मास्क आणि हातमोजे घालून काढलं आणि पोराला जवळ येऊ दिलं नाही. शिसं आहे ते, खेळून झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय भेळेला हात लावायचा नाही हा घरातला कडक नियम. छर्रे तोंडात धरायची फुगेवाल्यासारखी स्टाईल तर अजिबात नाही.

तर मार्क. बंदुकीला पाचपैकी तीन. एक कापला ट्रिगरचा, अर्धा त्या स्कोपचा, अर्धा डब्यावरच्या हजाराचा. दुकानाला साडेतीन, काका बोलायला कडू पण कागदपत्रं चोख, आणि बटचा स्क्रू हरवला तेव्हा त्यांनीच डब्यातून शोधून फुकट दिला. सुताराला पाचपैकी पाच. सध्या बॅरल मोडताना आतून कुरकुर ऐकू येते आणि वेगही उतरल्यासारखा वाटतोय, स्प्रिंग बदलायची वेळ आली असावी, मित्राला विचारलं तर म्हणाला गणपती होऊ दे मग उघडू. तोवर रविवारची भेळ बंद आहे म्हणून पोरगं रुसलंय, आणि अण्णा काल बिस्किटाचा पुडा घेऊन येऊन परत गेले.